दावं द्यायचं नसतं

आमच्या घरमालकांच्या गोठ्यात एका भिंतीला ओळीने खुंट्या आहेत आणि जवळजवळ प्रत्येक खुंटीला एक काळी वायर टांगलेली आहे. त्या वायरी कशाच्या, हे नव्या माणसाला सांगताना मी नेहमी अडखळतो. एक गोष्ट सांगितली की तिच्यामागची दुसरी सांगावी लागते, आणि शेवटी ऐकणारा विचारतो, "म्हणजे माणूस शहाणा होता की कसा?" याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. लिहिता लिहिता सापडेल असं वाटतं, म्हणून लिहायला बसलो आहे.

मी केजमध्ये कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. घरमालकांच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहतो. त्यांना सगळं गाव अप्पा म्हणायचं, आम्हीही अप्पाच म्हणायचो. अप्पांचा मूळ धंदा बैलांच्या व्यापाराचा. युसूफ वडगावापासून कडा गावापर्यंतचे बाजार त्यांच्या पायाखालचे. पुढे दारोदार ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, गोठा रिकामा पडला. रिकाम्या गोठ्यात कोणी कडबा भरतं, कोणी मोटारसायकल लावतं. अप्पांनी त्यात ॲम्प्लिफायर बांधले. 'बांधले' हा शब्द त्यांचाच.

गाणं ऐकायची भारी, सहसा न मिळणारी यंत्रं जमवायची आणि विकायची, हा त्यांचा उतारवयातला उद्योग. जपानचे जुने ॲम्प्लिफायर, लाकडी पेटीतले स्पीकर, तबकड्यांचे प्लेअर. गव्हाणीत जिथे बैलांपुढे वैरण पडायची, तिथे ही यंत्रं पोत्यावर मांडलेली असत. हे वेड कुठून लागलं, असं मी त्यांना बऱ्याचदा विचारलं. एकदा म्हणाले, एका डॉक्टरने बैलजोडीच्या बदल्यात पहिलं यंत्र दिलं. डॉक्टरला बैल कशाला हवे होते, ते सांगितलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, "भंगाराच्या गाड्यावर व्हतं. माझ्याकडं बघाय लागलं. काय करावं?" दोन्ही खरं असेल. दोन्ही खोटंही असेल.

त्यांना यातलं फार कळायचं असं मी म्हणणार नाही. वॉट म्हणजे काय हे त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. ते यंत्राची परीक्षा बैलासारखी करायचे. आधी चारी बाजूंनी फिरून बघायचे. मग पाठीवर तळहात ठेवून उभे राहायचे. चालू करून बराच वेळ काहीच वाजवायचे नाहीत. "नुसतं उभं ऱ्हाऊन दम धरतंय का बघू." आवाजाच्या बटणाला ते वेसण म्हणत आणि ते कधी झटक्याने फिरवत नसत. या पद्धतीने घेतलेली निम्मी यंत्रं चांगली निघायची, निम्मी बंद पडायची. वाचून, विचारून, इंटरनेटवर शोधून घेणाऱ्यांचंही साधारण असंच होत असावं.

आणि वाजवायचे काय? गाणं नाही. रेडिओवरचे बाजारभाव. फोनवर रेडिओ लावायचा, फोन ॲम्प्लिफायरला जोडायचा, आणि भल्या मोठ्या स्पीकरमधून सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस ऐकायचा. मी एकदा म्हणालो, "अप्पा, एवढ्या मोठ्या मशीनवर एखादं गाणं तरी लावा." त्यावर म्हणाले, "गाणं कशावरबी गोड लागतंय सर. माणूस नुसता बोलला आन खरा वाटला, म्हंजे मशीन खरं."

माझी बायको वरून ओरडायची, "अप्पा, तुरीचा भाव आमच्या कुकरच्या शिट्टीतून पण ऐकू येतोय!"

"मंग कुकरबी चांगलाय वैनी. विकायचा का?"

पुण्याला एक ॲम्प्लिफायर बघायला ते मला बरोबर घेऊन गेले होते. परदेशी कंपनीचा, भारतात मोजकेच आलेले. विकणारा एक तरुण इंजिनिअर होता, नोकरीसाठी देश सोडून निघालेला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याने यंत्र दाखवलं. अप्पांची प्रदक्षिणा झाली, तळहात ठेवून झाला. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, त्या मुलाच्या उजव्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली त्याची बोटं धरली. बैलबाजारात सौदा असाच होतो. तोंडाने आकडा बोलायचा नाही, टॉवेलाखाली बोटं दाबून सांगायचा. त्या बिचाऱ्याला हे काय माहीत!

"काका, हात का धरताय?" त्याने हात मागे ओढला.

"गप ऱ्हा बे, लोक बघत्यात," अप्पा हळूच म्हणाले, आणि पुन्हा धरला.

वॉचमन खुर्ची सोडून आला. मी मध्ये पडून सगळं समजावलं, तोवर त्या मुलाला हसू फुटलं होतं. सौदा जमला. पण निघताना नवा घोळ झाला. मुलाने यंत्राची वायर गुंडाळून पिशवीत घातली, तर अप्पांनी ती बाहेर काढून परत त्याच्या हातात दिली.

"काका, ही पॉवर कॉर्ड आहे. याच्याशिवाय चालू होणार नाही."

"दावं द्यायचं नसतं, बाळा. तुझं तुझ्यापाशी ठीव. मी माझं आनलंय." आणि त्यांनी पिशवीतून कॉम्प्युटरला लावतात तसली एक वायर काढून दाखवली.

आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याचं दावं, म्हणजे बांधायची दोरी, विकणारा देत नाही. घेणारा आपलं दावं घेऊन येतो. अप्पांनी ती रीत जशीच्या तशी यंत्रांना लावली होती. खुंट्यांवरच्या वायरी म्हणजे त्यांनी विकलेल्या प्रत्येक यंत्राचं दावं. "कावून ठेवता एवढ्या?" असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "जनावर परत आलं तर आपल्या दाव्याला यावं." आणि यंत्रं खरंच परत यायची. बाजारात विकणाऱ्याने खोड सांगायची असते. न सांगितलेली खोड निघाली तर जनावर परत घ्यायचं असतं. अप्पा यंत्राची प्रत्येक खोड सांगून विकायचे, आणि वेगळी निघाली तर निमूट परत घ्यायचे. ज्याला विकलं त्याने तिसऱ्याला विकलं असलं तरी. याबद्दल मी त्यांच्याशी वाद घातला होता. तुमचा शब्द पहिल्या माणसाला होता, तिसऱ्याचा काय संबंध?

"शबूद मी बैलाबद्दल दिला व्हता," ते म्हणाले. "बैल त्योच हाय की."

आता चाचांबद्दल सांगतो. केजच्या बाजारात त्यांचा फळांचा गाडा असे, उन्हाळ्यात टरबुजं, हिवाळ्यात सीताफळं. त्यांच्या वडिलांनी जमवलेल्या कव्वालीच्या तबकड्या घरात पेटीभर पडून होत्या आणि त्या नीट ऐकाव्यात एवढी एकच हौस चाचांनी जपली होती. पुण्याहून आणलेला तो ॲम्प्लिफायर त्यांनी गोठ्यात पाहिला आणि गाडा सोडून रोज येऊन बघायला लागले. घ्यायचं तर आयुष्यातलं एकच घ्यायचं, म्हणून घाबरत होते. त्यांचा प्रश्न एकच. बिघडलं तर?

त्या यंत्राला कंपनीची वॉरंटी होती आणि दोन वर्षं शिल्लक होती. पण बिल पुण्याच्या मुलाच्या नावाचं. दुसऱ्याकडून घेणाऱ्याला वॉरंटी लागू होते का? अप्पांनी कंपनीचं छोटं पुस्तक माझ्या हातात दिलं. "सर, तुमी इंग्रजी शिकवता. वाचा."

मी वाचलं. पहिल्या पानावर होतं की कंपनी या यंत्राची हमी देते. मधल्या पानावर होतं की ही हमी मूळ ग्राहकाला आहे. शेवटच्या पानावर होतं की या हमीमुळे ग्राहकाला कायद्याने मिळणारे हक्क कमी होत नाहीत. मी पुन्हा वाचलं. प्रत्येक वाक्य स्वतंत्रपणे कळत होतं, सगळी मिळून काही कळत नव्हतं. मी तिन्ही वाक्यं मराठीत सांगितली. अप्पा आणि चाचा दोघे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"म्हंजे देती का न्हाई?" अप्पांनी विचारलं.

"देते असं दिसतं."

"दिसतं म्हंजे?"

वर्गात मुलं अशी बघतात तेव्हा काहीतरी एक उत्तर द्यावं लागतं. "देते," मी म्हणालो.

अप्पा चाचांकडे वळले. "दोन वर्षं बिनघोर ऐक."

चाचांनी यंत्र घेतलं. काही महिन्यांत त्याची डावी बाजू मुकी झाली, मग उजवी. आम्ही कंपनीच्या नंबरावर फोन लावत राहिलो. दर वेळी एक गोड आवाज आमचा फोन महत्त्वाचा असल्याचं सांगायचा आणि मग वाद्यसंगीत लागायचं. शेवटी यंत्र गोधडीत गुंडाळून अप्पा आणि मी एसटीने संभाजीनगरला निघालो, सर्व्हिस सेंटरला. यंत्र अप्पांच्या मांडीवर होतं. कंडक्टरने विचारलं, "काय हाय बाबा, टीव्ही?"

"जनावर हाय," अप्पा म्हणाले. "आजारी हाय. तिकीट लागतं का?"

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर एक मुलगी होती, शांत आणि चांगली. तिने बिल पाहिलं आणि मला विचारलं, "सर, हे नाव तुमचंच ना?"

मी आयुष्यात खोटं फार थोडं बोललो आहे, आणि जे बोललो ते धड बोलता आलेलं नाही. पण चाचांचा चेहरा डोळ्यांपुढे होता, आणि माझं ते 'देते'. मी म्हणालो, "हो."

"अवो सर!" मागून अप्पांचा आवाज सगळ्या हॉलमध्ये घुमला. "तुमचं कुठून? तुमी आमचे भाडेकरू. बिल त्या पुण्याच्या पोराचं हाय."

मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढे उपकार तिने केले.

"काका, वॉरंटी फर्स्ट ओनरलाच असते," ती अप्पांना म्हणाली.

"ताई, आजारी कोन हाय? मशीन का मालक?"

"मशीन."

"मंग कागद मालकाचा कावून बघता?"

ती हसली. "बरोबर आहे काका, पण सिस्टिम घेत नाही." मग गोधडी चाचपत म्हणाली, "याची ओरिजिनल पॉवर कॉर्ड?"

"ती त्या पोराकडं. दावं कोन देतं का?"

आता तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिला बैल, बाजार, दोरी सगळं समजावून सांगितलं. आधी मराठीत, आणि नंतर, का कोण जाणे, इंग्रजीत. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, बाहेरची वायर वापरली असेल तर वॉरंटी तशीही राहत नाही. शिवाय आत व्होल्टेज कमीजास्त झाल्याच्या खुणा दिसल्या तर ते वॉरंटीत बसतच नाही. दुरुस्तीचं विचारलं, तर सुटा भाग परदेशातून मागवावा लागेल आणि तो येईल की नाही हे सांगता येणार नव्हतं.

म्हणजे कंपनीने नेमकं कशासाठी नाकारलं? नाव वेगळं म्हणून, वायर वेगळी म्हणून, की आमच्याकडची लाईट तशी म्हणून? मी खोटं नीट बोललो असतो तर चाललं असतं का? अप्पांनी त्या मुलाची वायर घेतली असती तर? मला आजही कळलेलं नाही. येताना एसटीत मी अप्पांना हे सगळे फाटे सांगत होतो. बीडच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा ते म्हणाले, "सर, ही कंपनी ऱ्हाती कुठं?"

"परदेशात."

"तितल्या बाजारात कुनी वळखत नसंल तिला," ते म्हणाले, आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला थोरला काढला. थोरला म्हणजे लाकडी बाजूंचा जुना जपानी ॲम्प्लिफायर, त्यांच्या दावणीतला सगळ्यात जुना. त्याला गिऱ्हाईक आलं की ते ऐकू न आल्यासारखं करायचे. थोरला रिक्षात ठेवून आम्ही चाचांकडे गेलो. चाचा हात लावायला तयार होईनात.

"अप्पा, ये क्या करताव? वो गॅरंटी तो कंपनीकी थी. तुमी कंपनी हाव का?"

"कंपनीला तू बघितलंस का?"

"नहीं."

"मला बघितलंस. मी म्हनलो व्हतो, दोन वर्षं बिनघोर ऐक."

चाचा रडकुंडीला आले. थोरला चालू करायला वायर मागितली, तर अप्पा म्हणाले, "दावं तुझं तू बघ." त्याही परिस्थितीत! शेजारच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून चाचांनी वायर आणली. तबकडी लावली. अप्पा दारातच थांबले, कव्वाली सुरू होताच निघाले. गाण्यात त्यांना रस नव्हता.

त्या संध्याकाळी मी खाली गेलो आणि म्हणालो, "अप्पा, मी चुकीचं वाचलं. माझ्यामुळे तुमचा थोरला गेला."

"तुमी वाचून दाखवलं," ते म्हणाले. "बोललो मी."

यात मला मोकळं केलं की आणखी बांधून घातलं, याचा मी अजून विचार करतो. मुका झालेला ॲम्प्लिफायर त्यांनी थोरल्याच्या जागी गव्हाणीत ठेवला होता. रोज संध्याकाळी तो चालू करायचे, पाठीवर हात ठेवायचे. "जीव हाय. आवाज न्हाई." आणि बाजारभाव फोनच्या बारीक आवाजात कानाला लावून ऐकायचे. थोरल्यावाचून त्यांना दुसऱ्या कशावर भाव ऐकावेसे वाटले नाहीत. इतरही यंत्रं होती गोठ्यात.

मागच्या उन्हाळ्यात अप्पा गेले. त्यांचा मुलगा पुण्यात असतो, सरळ माणूस आहे. त्याने राहिलेली यंत्रं विकली, मुका ॲम्प्लिफायर आणि जुन्या स्पीकरची एक जोडी कोणी घेईना म्हणून तशीच राहू दिली. मला म्हणाला, "सर, त्या वायरी भंगारात देऊन टाका. नुसता गुंता आहे." मी पोतं घेऊन गोठ्यात गेलोही. पण कुठली वायर कोणत्या यंत्राची हे फक्त अप्पांना ठाऊक होतं. एक काढावी तर ती नेमकी कोणाची? पोतं घेऊन तसाच परत आलो.

आणि या दिवाळीनंतर एका सकाळी चाचा आले. फळांच्या पेटीत गवतावर ठेवलेला थोरला दोघांनी धरून आणला होता. दुसरा माणूस तेलगावचा एक शाळामास्तर होता. चाचा जरा मोठ्याने बोलत होते.

"कान गेले सर. आता क्या कव्वाली आन क्या भोंगा, सब एकच. मास्तरला पायजे. खोड सांगितली मी, पावसाळ्यात डावीकडनं जरा घुरघुरतो. पर मास्तर इचारतोय, हमी कुनाची?"

मास्तर संकोचून म्हणाला, "तसं नाही सर. चाचा म्हणतात अप्पांची हमी आहे. पण अप्पा तर आता..."

"इसलिये तुमच्याकडं आनलं," चाचा म्हणाले.

माझ्याकडे का? घर मुलाचं. यंत्र चाचांचं. शब्द अप्पांचा, तोही दोन वर्षांचा, चाचांना दिलेला, आणि त्याची मुदत संपली होती की चालू होती हेही मला सांगता येईना. मूळ ग्राहक कोण? हमी यंत्राला की माणसाला? देणाराच गेला तर ती जाते कुठे? असं पुस्तक असतं तर मी वाचून तीन अर्थ सांगितले असते. दोघे माझ्या तोंडाकडे बघत होते. तसंच, पूर्वीसारखं.

मी थोरला त्याच्या गव्हाणीत ठेवायला सांगितला आणि उरलेले जुने स्पीकर त्याला जोडले. चाचांनी पिशवीतून आपली वायर काढून लावली. मी थोडा वेळ काहीच वाजवलं नाही, पाठीवर तळहात ठेवून उभा राहिलो. काय कळायचं असतं त्यातून, मला ठाऊक नव्हतं. लाकूड कोमट झालं. मग फोन जोडला आणि रेडिओ लावला.

"सर, एखादं गाणं लावता का?" मास्तर म्हणाला.

"थांबा जरा."

आवाजाचं बटण मी हळूहळू फिरवलं. सोयाबीन. तूर. हरभरा. एक अनोळखी माणूस भाव सांगत होता आणि तो गोठ्यात, आमच्याशेजारी उभा राहून सांगतोय असं वाटत होतं. वरून बायको जिन्यात आली आणि तिथेच बसली. चाचांना ऐकू येत नव्हतं, त्यांनी स्पीकरच्या लाकडावर हात ठेवला होता.

"मग हमी कुणाची समजायची?" मास्तरने विचारलं.

"बिघडलं तर इथे घेऊन या."

"तुम्ही दुरुस्त करता?"

"नाही."

"मग?"

"ते मला माहीत नाही," मी म्हणालो. "पण घेऊन या."

चाचांनी यंत्र बंद केलं, वायर काढली, नीट गुंडाळली आणि मोकळ्या खुंटीला टांगली. मास्तर त्या वायरीकडे बघत राहिला.

"दावं द्यायचं नसतं," मी म्हणालो. "तुमची वायर तुम्ही आणा."

त्याने भिंतीवरच्या सगळ्या वायरींवरून एकदा नजर फिरवली, मग खिशातून मोबाईल काढला. "बरं. नंबर सांगा सर. फोन केला तर उचलाल ना?"

"उचलीन," मी म्हणालो, आणि माझा नंबर सांगितला.